जास की येस

भटूआप्पांशी साधं बोलणं ही एक परीक्षाच असायची. आपण सहज सांगायला जावं, की आज शेजारीण माझ्यावर जाम भडकली. ते चालता चालता थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "काय म्हननी?"

"रागवली हो आप्पा. कचऱ्यावरून."

"रागवनी हाई माले समजनं. शबद सांग. अर्थ ऱ्हाऊ दे, तो मी पाही लिसू."

मग आठवून आठवून शेजारणीचे शब्द सांगावे लागायचे. आधी काय म्हणाली, मग काय म्हणाली, मध्ये गप्प बसली का, बसली तर हातात झाडू होता की नव्हता. आणि सांगता सांगता आपल्याच लक्षात यायचं की ती भडकलेली नव्हतीच. बिचारी दमलेली होती आणि समोर मी सापडले होते. आप्पा तोवर खिशातलं पेन काढून पाठकोऱ्या कागदावर काहीतरी खरडत पुढे निघून गेलेले असायचे. "येतो" नाही, "बरंय" नाही. मला असा राग यायचा, की वाटायचं, या माणसाला पुन्हा म्हणून काही सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत सांगत असे.

मी शहाद्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. म्हणजे सकाळी साडेसातपासून मुलांच्या तोंडचं 'शे' खोडून तिथे 'आहे' लिहायचं, हा माझा धंदा. आप्पांचा धंदा नेमका उलटा. खानदेशात नाटकं काही कमी होत नव्हती. पण नाटकात घरमालक पुण्याची मराठी बोलायचा आणि आमची अहिराणी यायची ती गड्याच्या तोंडी, लोकांना हसवायला. घरातली आई, बाप, सून, जावई सगळ्यांनी रंगमंचावर आपल्या घरात बोलतात तसं बोलावं आणि त्यावर कुणी हसू नये, हे आमच्याकडे पहिल्यांदा डोक्यात आलं ते भटूआप्पांच्या. आणि एकदा त्यांच्या डोक्यात काही आलं, की मग ते स्वतःही बसत नसत आणि दुसऱ्यालाही बसू देत नसत.

नोकरी त्यांची शहाद्याच्या बसस्टँडवर, कंट्रोलरची. "नंदुरबारकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," हे त्यांच्या आवाजात ऐकतच मी मोठी झाले. असं शुद्ध, की व्याकरणाच्या पुस्तकात छापावं. आणि माइकचं बटण बंद केलं रे केलं, की खिडकीतून ओरडायचे, "आरे भो, कथा ऱ्हायना तू? गाडी काढ ना!" त्यांचं सगळं नाटक त्या बटणातून निघालं, असं ते म्हणत. "बटन चालू तं 'आहे', बटन बंद तं 'शे'. मानूस बटन बंद करीसन जगस. मी तठलं लिखस."

चौकशीची खिडकी ही त्यांची शाळा. चौकशीला येणारा माणूस जे विचारायचं असतं ते कधीच विचारत नाही, हा त्यांचा सिद्धांत. एक बाई तीनदा येऊन विचारून गेली, धुळ्याची गाडी गेली का? तीनही वेळा त्यांनी सांगितलं, अजून नाही गेली. तिसऱ्यांदा ती मान खाली घालून बाकावर जाऊन बसली. आप्पांना तेव्हा उमगलं, की गाडी गेली असती तर बाईला हवी होती. सासरी जायचं एक दिवस टळलं असतं. त्यांनी रद्द झालेल्या वेळापत्रकाच्या मागे ते लिहून ठेवलं. अशी पाठकोरी पानं त्यांच्या घरात पोत्यांनी होती. निवृत्त झाले तेव्हा सत्काराची शाल डेपोतच विसरले आणि तिथली पानांची पोती मात्र रिक्षात घालून घरी नेली.

पहिल्या अहिराणी नाटकाच्या वेळची गोष्ट सगळं शहादा सांगतं. आजारी बायकोचा नवरा दारात आलेल्या पाहुण्यांना म्हणतो, "तिले आज काही सांगू नका. ती कालपासून जेवेल नही शे." वाक्य असं, की ऐकणाऱ्यानं हातातला चहा खाली ठेवावा. लोक हसले. विनोद नव्हता, पण अहिराणी ऐकली की हसायचं, ही कानांची सवय. आप्पांना हे आधीच माहीत होतं. नटाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "लोके हासतीन. तू थांब. पुन्हा म्हन." नट थांबला. हशा ओसरल्यावर त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा थोडे हसले. तिसऱ्यांदा त्यानं तेच वाक्य म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही. मग नाटक पुढे सुरू झालं. "त्या रोज आपली भाषा मोठी व्हयनी," असं आप्पा म्हणायचे, आणि लगेच, "पन तो नट तिसरी बार जरा जास्त रडना," म्हणून कुरकुरायचे.

खऱ्याचा त्यांना हव्यास होता. एका नाटकात स्टेजवर खरी चूल पेटवून खऱ्या मिरच्या भाजायला लावल्या. पहिल्या चार रांगा खोकून बेजार झाल्या. स्पर्धेचे बाहेरगावचे परीक्षक रुमाल तोंडाला लावून बाहेर गेले ते त्या अंकात परतलेच नाहीत. अभिप्रायात त्यांनी 'प्रेक्षकांची गैरसोय' असं लिहिलं. आप्पा तो कागद नाचवत फिरत होते. "पाहा, मिरची खरी व्हती, हाई त्यासनी लिखी दिधं!" कापडी पडद्याचं दार त्यांना चालायचं नाही. दार लावलं की भिंत हलते, आणि भिंत हलली की लोकांचा विश्वास हलतो. म्हणून पाडलेल्या घराची एक सागवानी चौकट त्यांनी मिळवली होती, खालच्या उंबऱ्यासकट. प्रयोग कुठेही असो, आधी टेम्पोत ती चौकट चढायची, मग नट.

मला त्यांनी प्रॉम्प्टर केलं ते माझा अपमान करूनच. एका तालमीत छोटं काम करून पाहिलं, तर म्हणाले, "मास्तरीनबाई, तुन्ही भाषाले इस्त्री करेल शे. तू विंगमा बस आन वाच." मी बसले, आणि पुढची कैक वर्षं बसले. तालमी व्हायच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, जिथं अजून कोपऱ्यात सरकी सापडायची. आम्ही सगळे बसून असायचो. आप्पा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत असायचे. चप्पल फटक फटक वाजायची, आणि चप्पल थांबली की नट घाबरायचे, कारण आता वाक्य बदलणार. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा वाक्यं बदलायची. त्यांना खुर्चीत टेकलेलं मी पाहिलं नव्हतं. जेवायचेही उभ्यानं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्यात पेन.

या माणसाबरोबर संसार करणं काय असेल, हे मला सुमनजिजीकडे पाहून कळायला हवं होतं. जिजी म्हणजे आप्पांची बायको, सारंगखेड्याच्या गुजर घरातली. बोलणं मोजकं, पण मोजकं म्हणजे असं, की एका वाक्यात माणूस उघडा पडावा. आणि तेच तिच्या नशिबी आलं. एकदा स्वयंपाकघरात भांडणात ती आप्पांना म्हणाली होती, "मन्हा बापनी माले दिधं, पन तुम्ही माले लिधंच नही." सहा महिन्यांनी जिजी नाटकाला तिसऱ्या रांगेत बसली होती आणि रंगमंचावरची बाई तिचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी लपवत नाही. जिजी उठून बाहेर गेली.

त्यानंतर तिनं घरात बोलणं सोडलं. मी विचारलं तर मला म्हणाली, "यासना समोर बोलाले भ्याव वाटस, माय. तोंडमाईन शबद निंघना का कागदवर." भाजी काय करू, हेसुद्धा हातानं विचारायची. आप्पांनी काय करावं? पुढच्या नाटकात अख्खा एक अंक न बोलणारी बाई लिहिली. त्यालाही टाळ्या पडल्या. मग एका सकाळी जिजी दोन दिवसांसाठी म्हणून भावाकडे सारंगखेड्याला गेली आणि परत आली नाही.

वर्षभरानं तिनं एका कंडक्टरजवळ निरोप पाठवला. आप्पांना शब्दच लागतात हे साऱ्या डेपोला ठाऊक असल्यानं त्यानं तो जसाच्या तसा पाठ करून आणला होता. "येवानं व्हई तं पेन घर ठेईसन या." आप्पांनी तो ऐकला, खिशातलं पेन काढलं आणि लिहून घेतला. कंडक्टरच्या देखत! कंडक्टरनं मला हे सांगितलं तेव्हा मला त्या माणसाची शिसारी आली. चार दिवस मी तालमीला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण नाटक चांगलं होतं. माझ्या रागाची एवढीच पोच.

जिजीला जाऊन सहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी 'उघडं दार' लिहिलं. नवरा कागदांत डोकं घालून बसलेला. बायको दोन पिशव्या भरते, उंबऱ्यावर येते, थांबते, एक वाक्य बोलते आणि जाते. नवरा वर न बघता म्हणतो, "हं." दार उघडंच राहतं, कारण आमच्याकडे दिवसा दार कोण लावतं? पडदा. नाटक कोणाच्या घरचं आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

बायकोचं शेवटचं वाक्य होतं, "जास मी."

हे काम वैशाली करत होती, पंचायत समितीत क्लार्क असलेली हुशार पोरगी. साठ पानांचं नाटक तिनं आठ दिवसांत पाठ केलं आणि या दोन शब्दांवर अडली. दरवेळी उंबऱ्यावर आली की तिच्या तोंडून निघायचं, "येस मी." घर सोडताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही. वैशाली काकुळतीला आली. "आप्पा, उंबरावर उभं ऱ्हाईसन 'जास' म्हनता येत नही. जीभच वळत नही."

"वळाव ती जीभ!" आप्पांची चप्पल थांबली होती. "ती कायमनी जाई ऱ्हायनी. परत येनारी नही. मंग उंबरावर खोटं बोलस का ती?"

माझ्यानं राहवलं नाही. "आप्पा, तीस वर्सं स्टँडवर काढात तुम्ही. एक तरी मानूस 'जास' म्हनेल तुम्ही ऐका का? शबद सांगा, अर्थ ऱ्हाऊ द्या."

त्यांचं वाक्य त्यांच्याच अंगावर टाकल्यावर ते असे बघत राहिले, की मला पळून जावंसं वाटलं. "तू प्रॉम्प्टर शे. वाच," एवढंच म्हणाले.

पण ते हललेले होते. त्यानंतरचे पंधरा दिवस निवृत्त कंट्रोलर रोज सकाळी स्टँडवर. गाडीच्या दाराशी उभं राहून निरोप घेणाऱ्यांचे शब्द ऐकायचे. सुरतेला कामाला निघालेले, लेकीला सोडायला आलेले, दवाखान्याची चिठ्ठी हातात धरलेले. एक दिवस मधल्या सुट्टीत ते माझ्या वर्गाच्या खिडकीशी उगवले, घामेघूम. "बठ्ठा 'येस'च म्हनतस!" मुलांसमोरच ओरडले. बठ्ठा म्हणजे झाडून सगळे. "येवानं नही ते बी! बठ्ठा खोटं बोलतस!"

"मग बदला ना वाक्य."

"नही." खिडकीचे गज त्यांनी घट्ट धरले होते. आवाज एकदम खाली आला. "ती 'जास' म्हनती, तं त्याले समजतं ना."

'त्याले' म्हणजे नाटकातल्या नवऱ्याला. ते निघून गेले, आणि मी मुलांकडे पाठ करून पुसलेला फळा पुन्हा पुसला. संध्याकाळी संहितेत त्यांनी 'जास'खाली लाल रेघ मारली. एक नाही, दोन.

प्रयोग नंदुरबारला होता, रविवारी दुपारी. सगळं ठरल्यासारखं चाललं. कुणी हसायच्या जागी हसलं, कुणी मोबाइलवर उतरवून घेत होतं. आप्पा समोरच्या विंगेत येरझाऱ्या घालत होते. शेवट आला. वैशाली दोन पिशव्या घेऊन त्या सागवानी उंबऱ्यावर आली आणि थांबली. ठरलं होतं त्याहून जास्त थांबली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मांडीवर पान उघडं होतं. लाल रेघा दिसत होत्या. मी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, तिच्या हातांतल्या पिशव्यांकडे, आणि विंगेतून कुजबुजले, "येस मी."

मी मुद्दाम केलं नाही. शपथेवर सांगते. रोज सकाळी माझ्या दारातून निघताना मी जे म्हणते तेच बाहेर पडलं. वैशालीनं ते उचललं. "येस मी," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडला. नवरा वर न बघता म्हणाला, "हं."

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक म्हातारी, सवयीनं, मोठ्यांदा म्हणाली, "हां बाई, ये. लवकर ये."

कुणी हसलं नाही. पडदा पडेपर्यंत कुणी खोकलंही नाही. मी समोरच्या विंगेत पाहिलं. भटूआप्पा कपड्यांच्या ट्रंकेवर बसले होते.

जवळ जाऊन म्हटलं, "आप्पा, मन्हीच चुकी व्हयनी."

"काय म्हननी ती?"

"येस मी."

"आन ती म्हतारी?"

"लवकर ये, म्हननी."

त्यांनी शबनम पिशवीतून चार घड्या घातलेलं एक पाठकोरं पान काढून मला दिलं. घड्यांवर विरलं होतं. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सकाळ. उंबऱ्यावर. 'येस मी.' पिशव्या दोन. मी — हं.

"शबद लिखा," आप्पा म्हणाले. "पिशव्या बी मोज्यात. दोन रोजले भाऊकडे जानारी बाई दोन पिशव्या लेस का? हाई लिखं, आन समजनं नही. मंग सहा वर्सं म्हनत ऱ्हायनू, तिनी सांगं नही, तिनी सांगं नही." त्यांनी चष्मा काढला. "ती खोटं बोलनी नव्हती, पोरी. 'येस' म्हननी. मी 'ये' म्हनाले पाहिजे व्हतं. तेवढंच ऱ्हाई गयं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मास्तरीनबाई न म्हणता पोरी म्हटलं. परतीच्या टेम्पोत आम्ही सगळे चौकटीला टेकून बसलो होतो. आप्पा ड्रायव्हरशेजारी. शहादा येईपर्यंत त्यांनी कुणाचं काही लिहून घेतलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मी स्टँडमधून शाळेत निघाले होते. स्टँडवर आता गाड्या सांगायला कुण्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज असतो, त्याला बटण बंद करून कुणावर ओरडता येत नाही. सारंगखेड्यावरून पुढे जाणारी गाडी लागली होती आणि दाराशी आप्पा उभे. इस्त्रीचा सदरा. नेहमीच्या खिशावर शाईचा निळा डाग तेवढा होता, खिसा रिकामा. मी त्या खिशाकडेच बघत राहिले.

त्यांनी हातातलं पेन माझ्यापुढे धरलं. "हाई धर. वह्या तपासाले कामे येई."

मला इतका आनंद झाला, की ते मी दोन्ही हातांनी घेतलं. म्हटलं, "जिजीले मन्हा नमस्कार सांगा."

"सांगसू. कागदवर नही, तोंडनी सांगसू."

ते चढले. एक पिशवी वरच्या कप्प्यात सरकवली, दुसरी मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसले. हो, बसले. गाडी सुरू झाली तसे काचेतून वाकून म्हणाले, "येस मी, मास्तरीनबाई."

"हां आप्पा, या. लवकर या!" मी हात हलवला. त्यांच्याइतकंच शब्द नीट ऐकायला शिकले, उत्तरही बरोबर दिलं, याचा मला केवढा अभिमान वाटत होता. गाडी फाटकातून बाहेर पडून दोंडाईचा रस्त्याला लागली. मी शाळेच्या वाटेला लागले, पेन पर्समध्ये टाकलं, आणि शाळेच्या फाटकाशी येऊन जागच्या जागी थांबले.

पिशव्या दोन होत्या.